मेस्त्रीच्या हातचे संत

पाहुणे आले की त्यांना जुने गोवे दाखवायला न्यायचे, ही आपल्याकडची रीत आहे. बॉं जेझुसच्या चर्चमध्ये शिरले की डोळे प्रथम शवपेटीकडे वळतात, मग सोन्याने झळाळणाऱ्या वेदीकडे. त्या वेदीवरील कोरीवकाम ज्या लाकडात झाले आहे त्या लाकडाकडे आणि ते कोरणाऱ्या हाताकडे मात्र कोणाचे लक्ष जात नाही. संग्रहालयात गेले तर पाटीवर मूर्तीचे नाव, सतरावे किंवा अठरावे शतक, लाकूड, रंग, सोनेरी मुलामा एवढा तपशील असतो आणि शेवटी 'इंडो-पोर्तुगीज' असा एक शब्द. कर्त्याच्या नावाची जागा बहुधा रिकामीच.

या जोडशब्दाने फार मोठा घोटाळा करून ठेवला आहे. त्यातल्या 'पोर्तुगीज' या भागाने श्रेय घेतले आणि 'इंडो' हा भाग विशेषणासारखा चिकटून राहिला. या मूर्ती बहुतांशी घडवल्या त्या इथल्याच सुतारांनी, आणि त्यांत बाप्तिस्मा घेतलेल्यांची संख्या पुढे वाढत गेली. त्यांचे आजे-पणजे गावच्या देवळाचा रथ, मखर आणि पालखी घडवीत होते. पेडणे आणि डिचोली महालांत राहिलेल्या आपल्यासारख्या जुन्या मराठी घराण्यांना तर हा विषय परका वाटण्याचे काही कारण नाही. ज्या सुतारांनी नदीपलीकडे संत कोरले त्यांचेच भाऊबंद नदीअलीकडे देव कोरीत राहिले.

प्रथम भूगोल ध्यानात घ्यावा. तिसवाडी १५१० साली आणि बारदेश व साष्टी १५४३ साली पोर्तुगीजांकडे गेली. या जुन्या काबिजादी. फोंडा महाल १७६३ साली त्यांच्याकडे गेला, डिचोली आणि सत्तरी १७८१-८२ मध्ये, आणि सर्वांत शेवटी १७८८ साली पेडणे. कोल्हापूरकरांविरुद्ध मदत हवी म्हणून सावंतवाडीच्या खेम सावंतांनी पेडणे सोडले, हे आपल्याकडच्या वाचकांना सांगायला नको. म्हणजे बारदेश आणि पेडणे यांच्यामध्ये शापोरा नदीचे एक पात्र असले, तरी राज्यसत्तेच्या आणि धर्मसत्तेच्या दृष्टीने त्या दोन काठांत जवळजवळ अडीच शतकांचे अंतर होते. या अडीच शतकांतच गोव्याच्या ख्रिस्ती काष्ठशिल्पाचा सारा उत्कर्ष होऊन गेला.

पोर्तुगीज येण्यापूर्वी गोव्यातील गाव गावकरीने बांधलेला होता. गावकरांच्या बरोबरीने लोहार, सुतार, कुंभार, न्हावी, मडवळ अशी सेवक मंडळी असत आणि त्यांना सेवेच्या मोबदल्यात जमीन तोडून दिलेली असे. या जमिनींना 'नामशी' म्हणत. १५२६ साली आफोंसु मेशिया याने गावकरीच्या रूढी लिहून काढल्या. कागदावर आलेल्या या व्यवस्थेचे हेच वैशिष्ट्य की धर्म बदलला तरी ती मोडली नाही. गावकर ख्रिस्ती झाले तेव्हा गावकरी टिकली, आणि सुतार ख्रिस्ती झाला तेव्हा त्याचे सुतारपण टिकले. जातही टिकली, हे आपण जाणतोच. देऊळ पडले, त्याच गावात चर्च उभे राहिले, आणि देवळाच्या दाराची चौकट ज्या घराण्याने बसवली होती त्याच घराण्याला चर्चच्या दाराची चौकट बसवायला सांगण्यात आले. ज्यांना हे मान्य नव्हते ते देवाबरोबर नदी ओलांडून गेले. केळशीची शांतादुर्गा कवळ्याला आली, कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला आला, दिवाडीचा सप्तकोटीश्वर डिचोली महालातील नार्वे येथे आला. देवांच्या या स्थलांतराचा इतिहास आपण आस्थेने लिहिला आहे. देवांबरोबर पुजारी गेले तसे कारागीरही गेले असणार, पण ज्यांचे पोट जमिनीला बांधलेले होते त्यांतले अनेक मागे राहिले. मागे राहिलेल्यांचा इतिहास आपण लिहिला नाही.

१५६७ साली गोव्यात भरलेल्या पहिल्या प्रांतिक धर्मपरिषदेने एक ठराव केला. ख्रिस्ती माणसाने हिंदू चित्रकाराकडून वा कारागिराकडून उपासनेच्या कामाची वस्तू करवून घेऊ नये, असा त्याचा आशय. मनाई अशीच कोणी करीत नाही. जे घडत नाही त्यावर बंदी घालण्याची कोणाला गरज पडत नसते. चर्चे भराभर उठत होती, युरोपातून मूर्ती आणायच्या तर जहाजाला सहा महिने आणि वाटेत वादळे, आणि इथे गावोगाव हात तयार होते. सोळाव्या शतकाच्या आरंभीच रावळू शेट नावाचा गोव्याचा एक सोनार लिस्बनला राजा मानुएलच्या पदरी काम करून आला होता, यावरून येथील कारागिरांची कीर्ती कुठवर गेली होती हे दिसते. ठरावाचा प्रत्यक्ष परिणाम मात्र एक झाला. धार्मिक मूर्तिकाम हळूहळू ख्रिस्ती कारागिरांचा धंदा बनला. ज्याला संत कोरून पोट भरायचे त्याने ख्रिस्ती असणे सोयीचे झाले. कला आणि धर्मांतर यांच्यातला हा व्यवहार सरळ शब्दांत मांडला की दोन्ही बाजूंच्या अभिमानाला थोडा धक्का बसतो, पण तो तसा होता.

या कारागिराला म्हणायचे काय? पोर्तुगीज त्याला 'मेश्त्र' म्हणत, म्हणजे आपल्या धंद्यातला गुरू. कोंकणीत त्याचे 'मेस्त' झाले आणि आपल्या मराठीत 'मेस्त्री'. आज गवंडीकामापासून मोटारदुरुस्तीपर्यंत सगळ्यांना आपण मेस्त्री म्हणतो आणि हा शब्द चावी, बादली, घमेले, इस्त्री यांच्याबरोबर त्याच गलबतातून उतरला हे विसरून जातो. सावंतवाडीपासून नागपूरपर्यंत पोहोचलेला हा शब्द मुळात ज्या माणसांसाठी वापरला गेला त्यांत हे लाकूड कोरणारेही होते.

आता कामाकडे येऊ. मूर्तीसाठी लाकूड वापरीत ते मुख्यतः सागवान. त्याखेरीज फणस आणि शिवण ही लाकडे आपल्या प्रदेशातील कारागिरांच्या हातची, शिवण हलकी आणि कोरायला मऊ. झाड तोडल्यावर लाकूड पुरते वाळू द्यावे लागे, नाहीतर मूर्ती पूर्ण झाल्यावर तडकायची. मोठ्या मूर्तीच्या बाबतीत तेवढ्याने भागत नसे. खोडाचा गाभा आणि बाहेरचा भाग वेगवेगळ्या गतीने आकसतात, म्हणून मूर्ती मागच्या बाजूने पोखरून पोकळ करीत. त्याने वजनही घटे आणि मिरवणुकीत ती खांद्यावर घेणे सोपे जाई. हात बहुधा वेगळे कोरून खुंटीने बसवीत. वाकसाने ढोबळ आकार काढायचा, मग पटाश्या, सपाट आणि गोल, आणि शेवटी कानस. ही हत्यारे देवळाच्या सुताराचीच.

वेगळे होते ते पुढचे काम. कोरलेल्या लाकडावर सरस आणि खडूची पूड यांचे थर चढवून गुळगुळीत अस्तर करीत. जिथे सोने द्यायचे तिथे तांबडी माती लावून त्यावर सोन्याचा वर्ख बसवायचा आणि अकीकाच्या दगडाने घोटून त्याला झळाळी आणायची. वस्त्राचा भाग असेल तर सोन्यावर रंग चढवून तो ओला असतानाच किंवा सुकत आल्यावर टोकदार काडीने वेलबुट्टी खरवडायची, म्हणजे खालचे सोने रंगातून बाहेर येते आणि लाकडावर जरीचे कापड पांघरल्याचा भास होतो. संत कातेरिना असो वा संत आन्तोनियो, त्यांच्या अंगरख्यावरची ती सोनेरी फुले जवळून पाहावीत. कित्येक मूर्तींचे धड लाकडाचे, तर चेहरा आणि हात हस्तिदंताचे. काहींचा फक्त चेहरा आणि हात कोरलेले असून बाकी सांगाडा, त्यावर खऱ्या कापडाचे कपडे चढवायचे. आपल्याकडे उत्सवमूर्तीला वस्त्रे नेसवतात त्याच्याशी हा प्रकार इतका जुळतो की ख्रिस्ती घरातली एखादी म्हातारी सायबिणीला नवे वस्त्र शिवून देते तेव्हा त्यात काही परके वाटत नाही. मूळ प्रथा आयबेरियातली, पण इथे ती पटकन रुजली याचे कारण इथल्या जमिनीत शोधावे.

पवित्र शुक्रवारासाठी ख्रिस्ताच्या खास मूर्ती करीत. त्यांचे खांदे सांध्याचे असत आणि सांधा झाकायला चामडे लावून त्यावर अंगाचा रंग देत. क्रुसावर हात पसरलेले, आणि खाली उतरवल्यावर तेच हात कुशीला. गोव्यातील चर्चमध्ये क्रुसावरून ख्रिस्ताला उतरवण्याचा विधी आजही होतो. ज्या सुताराने तो खांदा जमवला त्याला शरीररचनेचे ज्ञान कोणत्याही अकादमीने दिले नव्हते. गोवा वेल्हा येथे उपवासकाळातील पाचव्या रविवारनंतरच्या सोमवारी संतांची मिरवणूक निघते. सतराव्या शतकात फ्रान्सिस्कन साधूंनी सुरू केलेली ही प्रथा आज टिकून आहे, आणि माणसाएवढ्या उंचीच्या तीसेक मूर्ती खांद्यांवरून गावातून फिरतात. पेडण्याच्या पुनवेला रवळनाथ आणि भूतनाथाची तरंगे रात्रभर नाचताना ज्यांनी पाहिली आहेत त्यांनी एकदा ही मिरवणूकही पाहावी. देव देवळात बसून राहत नाही, तो लोकांच्या खांद्यावरून गावात येतो, ही कल्पना दोन्हीकडे सारखीच पक्की.

मूर्तीचा नमुना कारागिराला कुठून मिळे? पुष्कळदा युरोपात छापलेल्या चित्रांवरून. अँटवर्पच्या छापखान्यांतील ताम्रपटांवरून काढलेली चित्रे मिशनऱ्यांच्या सामानातून जगभर गेली, तशी गोव्यातही आली. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. चित्रात समोरची बाजू तेवढी दिसते. संताचा चेहरा, हातातले पुस्तक, पायाशी सिंह, सगळे चित्रात असते, पण त्याच्या कुशी कशा, पाठीवर केस कसे रुळतात, चुणी मागे कुठे जाते, हे चित्र सांगत नाही. तिथे मेस्त्रीला आपल्या सवयीवर विसंबावे लागे, आणि ती सवय त्याला वाडवडिलांनी लावलेली होती. म्हणून मारियेचे मोकळे केस लाटालाटांनी पाठीवर उतरतात, चेहरा गोलसर होतो, डोळे अर्धे मिटतात आणि वस्त्राच्या चुण्या ओळीने, जवळजवळ मोजून घातल्यासारख्या पडतात. या अर्धोन्मीलित डोळ्यांचा सर्वांत प्रसिद्ध नमुना लाकडात नसून हस्तिदंतात आहे. तो म्हणजे 'चांगला मेंढपाळ' असलेला बालयेशू. खडकावर बसून, गाल हातावर टेकून, डोळे मिटून तो ध्यानात गेला आहे. खाली झरा आणि पाणी पिणारी जनावरे. हे शिल्प पाहून कुणाला गोकुळ आठवते, कुणाला बोधिसत्त्व. कारागिराने ती तुलना मनात धरून केली असे म्हणण्याची गरज नाही, त्याच्या हाताला दुसरे ध्यान ठाऊकच नव्हते.

पुल्पितांविषयी थोडे विस्ताराने सांगतो, कारण हा प्रकार मला सर्वांत रंजक वाटतो. प्रवचनासाठी भिंतीला उंचावर बसवलेला हा लाकडी सज्जा. बॉं जेझुसमधील पुल्पितावर येशू, चार शुभवर्तमानकार आणि चार धर्माचार्य कोरलेले आहेत, आणि खाली त्याचा भार सात आकृत्यांनी पेलला आहे. अशा भारवाहक आकृत्या युरोपातही असतात. गोव्यात मात्र कित्येक चर्चच्या पुल्पितांखाली ज्या स्त्रिया आढळतात त्या कमरेवर मानवी आणि कमरेखाली सर्पदेही, शेपटी एकमेकींत गुंतलेल्या किंवा पानाफुलांच्या वेलीत विरघळलेल्या. पाश्चात्त्य अभ्यासक त्यांना कधी जलपरी म्हणतात. आपल्याला त्या पाहताक्षणी नागकन्या वाटतात. देवळाच्या खांबावर, दाराच्या चौकटीवर, वारुळाच्या पूजेत ज्यांना मान, त्या इथे पाद्रीच्या पायाखाली आल्या. याचा अर्थ काय लावायचा यावर दोन मते संभवतात. पराभूत देवतांना ओझे वाहायला लावले, असे एक. दुसरे असे की जुन्या रक्षक देवतांना नव्या घरातही जागा ठेवली. माझा कल दुसऱ्या मताकडे आहे, कारण या नागकन्यांचे चेहरे दबलेले नाहीत. त्या तोऱ्यात आहेत, आणि काही ठिकाणी तर वर उभ्या असलेल्या धर्माचार्यांपेक्षा त्यांच्यावर मेस्त्रीने अधिक मन लावले आहे.

मराठी वाचकाला याचे नाते एका ग्रंथाशी लगेच जोडता येईल. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेजुइट १५७९ साली गोव्यात आला आणि १६१६ साली त्याचे 'ख्रिस्तपुराण' छापून निघाले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ साष्टीतील नवख्रिस्ती लोकांसाठी लिहिला गेला, तो रोमन लिपीत छापला असला तरी मराठीत. त्यांना पुराण ऐकायची सवय होती, म्हणून येशूची कथाही पुराणाच्या घाटात आली. स्टीफन्सने ओवीत जे केले तेच त्याच्या काळचा सुतार लाकडात करीत होता. विषय नवा आणि घाट जुना. फरक इतकाच की ग्रंथकर्त्याचे नाव राहिले. १९५६ साली शांताराम बंडेलू यांनी त्या ग्रंथाची देवनागरी आवृत्ती काढली आणि तो आपल्या साहित्याच्या इतिहासात हक्काने जाऊन बसला. मेस्त्रीला असा संपादक मिळाला नाही. पुढे १६८४ साली आल्व्होरच्या कोंदाने देशी भाषेविरुद्ध फर्मान काढले, तीन वर्षांत लोकांनी पोर्तुगीज बोलायला लागावे असा हुकूम दिला. भाषेवर फर्मान काढता येते, पटाशीच्या वळणावर कसे काढणार? ग्रंथनिर्मिती खुंटली त्यानंतरही नागकन्या कोरल्या जातच होत्या.

हे सगळे नदीपलीकडे चालले असता पेडणे-डिचोलीत काय होते? नार्वे येथील सप्तकोटीश्वराचे देऊळ शिवछत्रपतींनी १६६८ साली नव्याने बांधण्याची आज्ञा दिली, तो शिलालेख आपण सर्वांनी वाचला आहे. त्या देवळाच्या सभामंडपाची घडण पाहा, त्यावर युरोपीय वळण स्पष्ट आहे. कवळे आणि मंगेशीच्या शिखरांचे अष्टकोनी घुमट, कमानीच्या खिडक्या, भिंतीतले अर्धस्तंभ हेही चर्चकडून आलेले. देवाण एका दिशेने झाली नाही. लाकडाच्या बाबतीत बांदिवड्याच्या महालक्ष्मीच्या सभामंडपातील विष्णुरूपांच्या लाकडी मूर्तींची ओळ हा या परंपरेतील मोठा ठेवा आहे. पेडण्याच्या उत्तरेला सावंतवाडीत चिताऱ्यांची वस्ती होती, लाखकामाची खेळणी, पाट, पाळणे आणि गंजिफा यांची. पेडणे महाल १७८८ पर्यंत त्याच राज्यात असल्याने महालाची लाकडाची रुची तिकडून पोसली गेली. म्हणूनच आपल्या घरांतील जुने देव्हारे आणि बारदेशातील ख्रिस्ती घरांतील ओरातोर शेजारी ठेवले तर एक सख्खे चुलतपण जाणवते. दोन पाखांचे दार, वर कोरलेली कमान, बाजूला पिळाचे खांब, आत पायऱ्या. एकात बाळकृष्ण आणि अन्नपूर्णा, दुसऱ्यात बालयेशू आणि सायबीण. संध्याकाळी दोन्हींपुढे दिवा.

या चुलतपणात रक्ताचे डागही आहेत, ते झाकून लेख गोड करण्यात अर्थ नाही. १६८३ साली संभाजीराजांच्या फौजा बारदेश-साष्टीत शिरल्या. १७३९ साली सावंतांनी बारदेश व्यापला आणि १७४१ पर्यंत ठाण मांडले. त्या धामधुमीत चर्चना झळ लागली. १७४६ साली उलट पोर्तुगीज पेडण्यात घुसले, हळर्णचा किल्ला घेतला आणि त्या विजयापायी त्यांच्या विजरईला 'मार्केज द आलोर्न' ही पदवी मिळाली. आपल्या हळर्णचे नाव लिस्बनच्या सरदारवर्गात असे गेले. आपल्यातील कित्येक घराण्यांच्या बखरी आणि सनदा या मोहिमांशी निगडित आहेत. दिवाडीच्या सप्तकोटीश्वराचा विध्वंस आपण विसरत नाही. बारदेशच्या सुताराने कोरलेल्या वेदीला लागलेली आगही त्याच वहीत लिहिली पाहिजे. ती जळणारी वेदी परक्या गोऱ्याने कोरलेली नव्हती.

नव्या काबिजादी पोर्तुगीजांकडे गेल्या तोवर काळ बदलला होता. हिंदूंच्या रूढींना मान्यता देण्याचे धोरण आले, इन्क्विझिशन १८१२ साली कायमचे बंद झाले, आणि १८८० साली रूढी-रिवाजांची संहिता निघाली. पेडणे-डिचोलीत ख्रिस्ती वस्ती आली ती मुख्यतः बारदेशातून, थोडी, आणि शेजाऱ्यांशी जुळवून घेत. इथे देऊळ पाडून चर्च उठले नाही, म्हणून इथल्या चर्चभोवती ती जखमही नाही. सात बहिणींची कथा याच पट्ट्यात जन्मली. शिरगावची लईराई, मोरजीची मोरजाई, मुळगावची केळबाई, मयेची महामाया, आणि त्यांचीच एक बहीण म्हापशाची मिराबाई, म्हणजे संत जेरोनिमच्या चर्चमधील मिलाग्रिस सायबीण. वैशाख शुद्ध पंचमीला शिरगावात लईराईचे धोंड निखाऱ्यांतून चालतात. लईराईकडून सायबिणीला मोगऱ्याची फुले आणि सायबिणीकडून लईराईला तेल, अशी बहिणींची भेट सांगितली जाते. म्हापशाच्या फेस्ताला हिंदू बाया तेल घेऊन रांगेत उभ्या असतात. सावंतवाडीतही मिलाग्रिसच्याच नावाचे चर्च आहे. विद्वानांनी समन्वय वगैरे शब्द वापरण्याच्या कितीतरी आधी पेडणे, डिचोली आणि बारदेश यांच्या बायकांनी हे नाते लावून टाकले होते.

ऱ्हासाचा भाग थोडक्यात सांगण्याजोगा आहे. १७५९ साली जेजुइटांची हकालपट्टी झाली, १८३५ साली उरलेले सर्व संघ मोडले. जुन्या गोव्यातील मठ ओस पडले आणि त्यांतील वस्तू जिकडेतिकडे गेल्या. मोठी कामे देणारा यजमानच राहिला नाही. एका मूर्तीचा प्रवास मात्र सांगितलाच पाहिजे. जुन्या गोव्यातील इन्क्विझिशनच्या वाड्यात आरोपींसमोर असलेला क्रुसावरचा ख्रिस्त, ते न्यायासन बंद झाल्यावर पणजीच्या आदिलशाही राजवाड्यात आला, आणि १९१८ साली फोंतेन्यातील संत सेबास्तियांवच्या कपेलात. त्याचे डोळे उघडे आहेत आणि मान ताठ. इतर क्रुसांवरील ख्रिस्ताची मान झुकलेली असते. आरोपीच्या मनात धाक बसावा म्हणून तशी घडवली, असे सांगतात. आज तिथे गल्लीतल्या बायका मेणबत्ती लावून जातात आणि तेच उघडे डोळे त्यांना जागत्या देवाचे वाटतात.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून युरोपातून प्लास्टरच्या साच्यातल्या मूर्ती येऊ लागल्या, गुलाबी गालांच्या आणि स्वस्त. मग ध्वनिक्षेपक आला आणि पुल्पिताची गरज संपली. १९६२ ते १९६५ या काळातील दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर पाद्री लोकांकडे तोंड करून उभा राहू लागला, वेदी पुढे सरकली, आणि मागचा कोरीव रेताबुलु, पुल्पित, मेणबत्त्यांचे जुने खांब ही अडगळ ठरली. काही गोष्टी पोटमाळ्यावर गेल्या, काही वाळवीने खाल्ल्या, काही तेलरंगाचा जाड हात देऊन 'नव्या' केल्या. या तेलरंगाने जेवढे नुकसान केले तेवढे वाळवीने केले नसेल, कारण त्याखाली खरवडलेली सोन्याची वेलबुट्टी कायमची बुजते. घरांतील ओरातोर पुराणवस्तूंच्या व्यापाऱ्यांनी नेले. भाऊ आफ्रिकेत, बहीण लंडनला, घर बंद, अशा वेळी पाचशे रुपयांत तीन पिढ्यांचा देव्हारा जाई. शंभर वर्षांहून जुनी मूर्ती देशाबाहेर नेण्यास १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने मनाई आहे. पण घराबाहेर जाणे आणि देशाबाहेर जाणे यांत पुष्कळ अंतर आहे, आणि पहिल्याला कोणी रोखले नाही. आपल्या देवळांतील जुन्या लाकडी सभामंडपांच्या जागी सिमेंटचे स्लॅब पडले तेही याच दशकांत, तेव्हा या बाबतीत कोणी कोणाला हसू नये.

१९९४ साली रायतूरच्या सेमिनरीत ख्रिस्ती कलेचे संग्रहालय सुरू झाले. ते २००२ मध्ये जुन्या गोव्यातील सांता मोनिका मठात हलले आणि मोठ्या दुरुस्तीनंतर २०२२ साली पुन्हा खुले झाले. लाकडी मूर्ती, हस्तिदंत, चांदीची उपकरणे आणि वस्त्रे तिथे एकत्र पाहता येतात. ज्या रायतूरचे नाव 'ख्रिस्तपुराणा'शी जोडले गेले आहे तिथेच हे संग्रहालय प्रथम उघडावे, हा योगायोग छान आहे. चित्रकार आंजेलो द फोन्सेका याची चित्रे पर्वरीच्या झेवियर सेंटरमध्ये आहेत. साडी नेसलेली मारिया रंगवली म्हणून त्याला आपल्याच लोकांनी गोव्यात टिकू दिले नाही आणि तो पुण्यास राहिला, तिथेच १९६७ साली वारला. तो जे रंगात करू पाहत होता ते त्याच्या तीनशे वर्षे आधी अनामिक मेस्त्रींनी लाकडात करून ठेवले होते आणि त्याला कोणी हरकत घेतली नव्हती, कारण ते कोणाच्या नजरेलाच आले नव्हते.

जुनी लाकडी मूर्ती परवानगीने हाताळायची संधी मिळाली तर ती भिंतीपासून पुढे ओढून तिची पाठ पाहावी. समोरची बाजू अनेकदा रंगवली गेलेली असते, चेहरा बदललेला असतो, मुकुट नंतरचा असतो. पाठीला मात्र रंग लावायच्या फंदात कोणी पडलेले नसते. तिथे पोकळ केलेला भाग दिसतो, लाकडाचा रेषांचा प्रवाह कळतो, गोल पटाशीचे ओळीने पडलेले घाव दिसतात, उथळ, एकाच कलाने. त्या घावांवरून हत्याराची रुंदी मोजता येते आणि मेस्त्रीचा हात उजवा होता की डावा तेही बहुधा सांगता येते.